प्राग : एकच शहर, अख्खा आठवडा, आम्ही दोघंच. वेडेपणा आहे का?

निवांतपंत (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत. लेक शिकायला बाहेरगावी, आई धाकट्या भावाकडे राहायला आनंदाने तयार आणि साहेबांनी रजेवर सही केलेली. असा योग पुन्हा कधी जुळणार, म्हणून दोघांनीच युरोपात जाऊन यायचं ठरवलंय.

आधी एका टूरवाल्याचं पत्रक आणलं होतं. मध्य युरोप, चार देश, एका आठवड्यात. त्यात प्रागच्या वाट्याला एक दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, तीही 'खरेदीसाठी मोकळा वेळ'. बायकोने पत्रक वाचलं आणि म्हणाली, "बसमधून उतरून बसमध्येच बसायचं असेल तर आपली स्वारगेट-मिरज काय वाईट?" पत्रक रद्दीत गेलं.

मग ठरलं की एकच शहर घ्यायचं, आठवडाभर तिथेच मुक्काम ठोकायचा आणि सगळं आपलं आपण आखायचं. तिला चित्रं काढायची हौस, मला इतिहासाची, आणि पॅरिस-झुरिकच्या मानाने खिशाला जरा सोसेल असं वाटलं, म्हणून प्राग. हे घरी सांगितल्यापासून मेहुणे रोज फोन करताहेत. "आठ दिवस एकाच गावात करणार काय? तो चार्ल्स ब्रिज एकदा बघितला की संपलं!"

तर जाऊन आलेल्यांनी सांगा. खरंच कंटाळा येईल का? राहायला कुठला भाग बरा? सौ. पूर्ण शाकाहारी आहे (अंडं चालतं), तिच्या जेवणाचं काय? आणि माझा गुडघा थोडा कुरकुरतो, हेही लक्षात घ्या.

आगाऊ_कार्टं

पहिला! सविस्तर नंतर लिहितो.

तिरकसराव

माझं मत मेहुण्यांना.

पन्नाशीच्या माणसाने दोघांचं तिकीट काढायचं, युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं जोडायची, व्हिसाची फी प्रत्येकी ९० युरो भरायची आणि एवढं करून एकच गाव बघून परत यायचं? त्याच व्हिसावर प्रागहून रेल्वेने व्हिएन्ना चार तासांवर आहे. ड्रेस्डेन तर अडीच तासांच्या आत-बाहेर. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणणारे पुन्हा जात नाहीत. आमच्या सोसायटीत असे बरेच आहेत.

व्लताव्हाकाठी

गेली काही वर्षं प्रागमध्येच राहते, म्हणून थोडं लांबण लावते.

तिरकसराव, पैशांचा हिशोब बरोबर, पण 'एकच गाव' म्हणताना गाव बघितलं का तुम्ही? एक उदाहरण देते. जुन्या शहराच्या चौकात टाऊन हॉलच्या भिंतीलगत फरसबंदीत २७ पांढरे क्रॉस आहेत. टाऊन हॉलवरच्या जुन्या घड्याळाची बाहुली बघायला जमलेली गर्दी अक्षरशः त्यांच्यावर उभी असते. २१ जून १६२१ ला इथे बोहेमियाच्या (म्हणजे आजच्या चेकच्या पश्चिम भागाच्या) २७ पुढाऱ्यांना जाहीरपणे मारलं. का? तर त्यांनी हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्ध बंड केलं आणि ८ नोव्हेंबर १६२० ला बीला होराच्या लढाईत तास-दोन तासांत त्यांचा चक्काचूर झाला. त्यांतल्या बारा जणांची मुंडकी चार्ल्स ब्रिजच्या जुन्या शहराकडच्या बुरुजावर दहा वर्षं टांगलेली होती. तुम्ही ज्या कमानीखाली उभं राहून सेल्फी काढता ना, तोच बुरुज.

आणि बंड सुरू कुठे झालं? वर किल्ल्यात. १६१८ मध्ये सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं, प्रॉटेस्टंट म्हणाले उकिरड्यावर पडले. पण त्या खिडकीतून पेटलेलं युद्ध युरोपात तीस वर्षं चाललं.

म्हणजे खिडकी किल्ल्यात, रणांगण २२ नंबरच्या ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यावर (थांब्याचं नावच बीला होरा), क्रॉस चौकात आणि मुंडकी पुलावर. सगळं ट्रॅमच्या टप्प्यात, पण एका दुपारी होत नाही. बीला होराला आज बघण्यासारखं म्हणाल तर एक छोटं टेकाड, त्यावर दगडांचा ढीग आणि वारा. कुठलीही टूरची बस तिथे जात नाही. जवळच ह्वेझ्दा नावाचा चांदणीच्या आकाराचा महाल आणि मोठी बाग आहे. डबा घेऊन जा.

राहायचं म्हणाल तर जुन्या शहरात नको. रात्री उशिरापर्यंत दारू प्यायलेली टोळकी गात फिरतात आणि जुन्या इमारतींना लिफ्ट असेलच असं नाही. विनोह्रादी किंवा देयवित्से बघा. मेट्रो, ट्रॅम दोन्ही हाताशी आणि आसपास आमच्यासारखी माणसं राहतात, नुसते पर्यटक नाहीत. विमानतळावरून टॅक्सी करायची गरज नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीनला सोडते, तिथून हिरवी मेट्रो थेट शहरात. कागदी तिकीट घेतलंत तर पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यात असतात.

गुडघ्याबद्दल : सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. नवे बूट घालून येऊ नका, मऊ तळव्याचे जुने वापरातले आणा. किल्ल्यावर पायऱ्यांनी चढायचं नाही. २२ नंबरने 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यापर्यंत जायचं आणि उतरताना पायऱ्या घ्यायच्या. गुडघा फारच बोलत असेल तर उतरतानाही ट्रॅम.

कट्टेकरी

+१. वाचनखूण साठवली. वर्षभरात जाणार नाहीये, पण वाचायला मजा आली.

आगाऊ_कार्टं

खिडकीतून फेकलं तरी तिघं वाचले. कारभारी टिकाऊ होते त्या काळचे.

हळदीकुंकू

आम्ही दोघं गेलो होतो दोन वर्षांपूर्वी, असेच कुणी सोबत नसताना. कंटाळ्याचं सोडा हो, भांडणाचं बघा!

हे म्हणजे सकाळी सहाला उठून यादीवर टिकमार्क करणारे. मला एक कॉफी घेऊन तासभर बसायचं असतं. माला स्त्रानात, सेंट निकोलस चर्चच्या बाहेर, आमचं असं जुंपलं की शेजारच्या बाकावरचं एक म्हातारं जोडपं उठून गेलं. त्यांना एक अक्षर कळलं नसणार, पण सूर कळला. शेवटी तहनामा झाला. दुपारच्या जेवणापर्यंत बरोबर, मग ज्याचा तो, आणि संध्याकाळी सहाला ठरलेल्या ठिकाणी भेट. हे गेले तांत्रिक संग्रहालयात जुनी इंजिनं बघायला आणि मी कांपा बेटावर नदीकाठी झाडाखाली पुस्तक घेऊन. संध्याकाळी भेटलो तेव्हा एकमेकांना सांगायला काहीतरी होतं. घरी ते होत नाही, कारण घरी दोघांनी एकच टीव्ही बघितलेला असतो.

हे चार देशांच्या बसमध्ये जमलं असतं का? तिथे सहाला भेटायचं ते चाळीस जणांना, आणि उशीर केला तर टाळ्या वाजवतात.

तिरकसराव

@हळदीकुंकू, बसमध्ये भांडायला वेळच मिळत नाही. हाही फायदाच की.

पंचांगवाला

धागा काढल्याबद्दल आभार. वर कुणीतरी 'घड्याळाची बाहुली' म्हणालं, म्हणून राहवलं नाही.

प्रागच्या खगोलीय घड्याळासमोर दर तासाला शेकडो माणसं जमतात. सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य सरकत जातात, कोंबडा आरवतो, लोक म्हणतात "एवढंच?" आणि पांगतात. खरी गंमत लोक पांगल्यावर आहे. तेव्हा पुढे जाऊन वरच्या तबकडीकडे शांतपणे बघा.

हे यंत्र १४१० चं. मध्यभागी पृथ्वी. निळा भाग म्हणजे क्षितिजावरचं आकाश, काळा म्हणजे रात्र, मधला तांबूस म्हणजे संधिप्रकाश. सोनेरी हातावर सूर्य आहे आणि तो बाराही राशींच्या कड्यावरून वर्षभर सरकतो. चंद्र म्हणजे अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा, स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. रोमन आकड्यांवर सोनेरी हात आपली नेहमीची वेळ दाखवतो. पण सगळ्यात बाहेरच्या कड्यावर गॉथिक वळणाचे १ ते २४ आकडे आहेत. ते जुने बोहेमियन तास, सूर्यास्तापासून मोजलेले. सूर्यास्त रोज बदलतो, म्हणून ते कडंही वर्षभर मागेपुढे होतं.

आणि निळ्या भागात ज्या सोनेरी वक्र रेषा दिसतात, त्या दिवसाचे बारा सारखे भाग करतात. सूर्योदय ते सूर्यास्त, बारा भाग. म्हणजे उन्हाळ्यात तास मोठा, हिवाळ्यात आखूड. आपल्याकडे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ भाग करून राहुकाळ काढतात, तीच रीत. कागदावर कितीदा मांडलंय मी हे, पण भिंतीवर चाकांनी चालताना बघून अर्धा तास हललो नाही.

एक सूचना. तिथल्या राशी सायन आहेत, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या; आपल्या पंचांगातल्या निरयण, म्हणजे ताऱ्यांवरून. कालनिर्णय हातात धरून सूर्य कुठल्या राशीत ते ताडून बघाल तर सुमारे २४ अंशांचा फरक पडेल. घड्याळ चुकलेलं नाही.

त्याच चौकात तीन चर्च आहे (ते नाव आहे, आकडा नव्हे), तिथे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे पुरलाय, १६०१ साली. आयुष्यभर दुर्बिणीशिवाय ग्रहांच्या नोंदी केल्या त्याने. त्याच नोंदींवर केप्लरने प्रागमध्येच बसून मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं काढलं आणि १६०९ ला छापलं. आज आपली पंचांगं ज्या गणिताने होतात त्याची एक मुळी या चौकाजवळ आहे. मी तिथे हात जोडले. बायको म्हणाली चर्चमध्ये लोक बघताहेत.

आगाऊ_कार्टं

काका, या टायकोचं नाक धातूचं होतं ना?

पंचांगवाला

होय. तरुणपणी द्वंद्वयुद्धात गेलं. २०१० मध्ये थडगं उघडलं तेव्हा हाडावर पितळेचे अंश मिळाले. लोक सोन्याचं-चांदीचं म्हणत होते.

रानमेवा

शाकाहाराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी.

उपाशी राहणार नाही, पण पारंपरिक चेक हॉटेलात पर्याय मोजकेच. सगळीकडे मिळतं ते 'स्माझेनी सिर', म्हणजे चीजची जाड वडी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, सोबत बटाटे आणि टार्टर सॉस. पहिल्या दिवशी स्वर्ग, तिसऱ्या दिवशी पोट जड. 'ब्रांबोराक' म्हणजे किसलेल्या बटाट्याचं लसूण-मार्जोरम घातलेलं धिरडं. पण विचारून घ्या, काही ठिकाणी त्यात मांस असतं. सुपांचंही तसंच. नाव लसणाचं किंवा बटाट्याचं असलं तरी पाणी हाडांचं असू शकतं. फळं घातलेले गोड 'क्नेद्लिकी' मिळाले तर सोडू नका. वाफवलेल्या पिठाचा गोळा, आत जर्दाळू किंवा प्लम, वर लोणी आणि साखर. ते तिथे जेवण म्हणून खातात.

शहरात पूर्ण शाकाहारी हॉटेलंही बरीच आहेत आणि भारतीयही, त्यामुळे घाबरू नका. पाण्याची बाटली घेताना 'नेपेर्लिवा' बघून घ्या, नाहीतर सोडा पदरी पडतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घेतली तरी चालतं.

त्रदेल्निक म्हणून रस्तोरस्ती निखाऱ्यावर फिरवत भाजलेली साखरेची नळी विकतात, वर 'प्राचीन बोहेमियन' अशी पाटी. खा, चांगली लागते. पण प्राचीनबिचीन काही नाही, प्रागमध्ये ती गेल्या वीसेक वर्षांत बोकाळली. स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावचा त्रदेल्निक जुना आणि नामांकित आहे.

मावशीबोलते

मेथीचे ठेपले, मेतकूट, आणि पोह्याचं कोरडं मिश्रण (गरम पाणी घातलं की झालं). स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, एक वेळ घरी जेवा. सकाळचा नाश्ता घरचा झाला की बाई खूश, बाई खूश की प्रवास सुखाचा. तूप-दूध मात्र नेऊ नका, युरोपात दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे.

तिरकसराव

शाकाहाराचं ऐकलं, आता बिअरवाल्यांसाठी. वेटर टेबलावर चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक मगामागे एक रेघ ओढतो. मग रिकामा झाला की न विचारता दुसरा आणतो. नको असेल तर मगावर बिअरखालची पुठ्ठ्याची चकती ठेवायची. हे माहीत नव्हतं म्हणून आमचे एक मित्र सौजन्यापोटी पीत राहिले. त्यांना तिसऱ्यानंतर उठवत नव्हतं.

(होय, मी जाऊन आलोय. चार देशांच्या बसने. त्यामुळे बोलायचा अधिकार आहे.)

हळदीकुंकू

@तिरकसराव, मग प्रागमध्ये काय काय बघितलंत?

तिरकसराव

पूल, घड्याळ, किल्ला बाहेरून. आणि ही बिअर.

हळदीकुंकू

😄 बरं.

चाकण_ते_बोलेस्लाव

कंपनीने मला सहा महिने म्लादा बोलेस्लावला पाठवलं होतं. प्रागहून तासाभरावर. स्कोडाचं मूळ गाव, १८९५ मध्ये लाउरिन आणि क्लेमेंट या दोघांनी तिथे सायकलींपासून सुरुवात केली. चाकण आणि संभाजीनगरच्या बऱ्याच जणांची तिकडे ये-जा असते, त्यामुळे शनिवार-रविवारी प्रागच्या पुलावर "अरे बाजूला सरक ना" असं अस्सल मराठीत ऐकू आलं तर दचकू नका. गाड्यांची आवड असेल तर तिथलं संग्रहालय अर्ध्या दिवसात होतं.

पैशांची काळजी घ्या. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. चौकातल्या काही बदली दुकानांवर 'शून्य कमिशन' लिहितात आणि दर असा लावतात की पाचवा हिस्सा तिथेच गेला. माझ्यासमोर एका जोडप्याला असंच चुना लावला. पण २०१९ पासून कायदा आहे, १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. त्यांना परत पाठवलं, कुरकुरत का होईना, पैसे मिळाले. रस्त्यात कुणी "चांगला दर देतो" म्हणाला तर सरळ चालू पडा, भलत्याच देशाच्या नोटा हातात देतात. सगळ्यात सोपं म्हणजे बँकेचं एटीएम, आणि यंत्राने "रुपयांत आकारू का?" विचारलं तर नाही म्हणायचं. कोरुनातच आकारा. दुकानात कार्ड वापरतानाही तेच.

भांडारकर_रस्ता

थोडं अवांतर, पण पुणेकरांना आवडेल.

मॉरिझ विंटरनिट्झ हे संस्कृतचे पंडित प्रागच्या जर्मन विद्यापीठात शिकवायचे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती (सगळ्या हस्तलिखितांची तुलना करून ठरवलेला पाठ) व्हायला हवी, असा आग्रह त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून धरला होता. तिकडच्या संस्थांकडून ते पुरं झालं नाही. पुढे १९१९ मध्ये भांडारकर संस्थेने काम हाती घेतलं आणि १९६६ मध्ये तडीला नेलं. म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या इमारतीचा एक धागा प्रागला जातो. विंटरनिट्झ १९३७ मध्ये तिथेच वारले. आइन्स्टाइन १९११-१२ मध्ये त्याच विद्यापीठात होता आणि त्याचं विंटरनिट्झांच्या घरी जाणं-येणं होतं.

देयवित्सेत राहिलात तर ठाकुरोवा नावाचा रस्ता लागेल. ठाकूर म्हणजे आपले रवींद्रनाथ, ते १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला गेले होते. अर्धपुतळाही आहे.

अनुस्वार

बाटा पण चेकच ना? आमच्या आजोबांना शेवटपर्यंत ती टाटांसारखीच आपल्याकडची कंपनी वाटायची.

व्लताव्हाकाठी

@अनुस्वार हो, झ्लीन गावची. प्रागच्या वात्स्लाव्ह चौकात त्यांची १९२९ ची काचेची इमारत आहे, अजूनही दुकान चालू. भारतीय पाहुणे आले की मी मुद्दाम दाखवते आणि सगळे हमखास तिथे फोटो काढतात, कॅथीड्रलपेक्षा जास्त.

त्याच चौकात वरच्या टोकाला, संग्रहालयासमोर, यान पालाखची आठवण आहे. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आले, त्यानंतर जानेवारी १९६९ मध्ये या विद्यार्थ्याने इथे स्वतःला पेटवून घेतलं. जमिनीत वितळल्यासारखा एक क्रॉस आहे, पायाखाली येतो, सहज दिसत नाही.

आणि योसेफोव्ह, जुनी ज्यूंची वस्ती, घाईत करू नका. तिथली सिनेगॉगं (ज्यूंची प्रार्थनास्थळं) शनिवारी बघायला बंद असतात. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ८०,००० बोहेमियन आणि मोरेवियन ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. नाव, जन्मतारीख, शेवटची माहीत असलेली तारीख. आडनावं मोठ्या अक्षरांत, मग त्या घरातली सगळी माणसं. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. सौ. चित्रं काढतात म्हणालात, म्हणून आधीच सांगते, त्यांना तिथे वेळ लागेल. त्यानंतर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. बाहेरच्या दफनभूमीत जागा संपली म्हणून शतकानुशतकं थरावर थर पुरत गेले, दगड एकमेकांवर कलंडलेत.

कट्टेकरी

वरचा प्रतिसाद वाचून विनोदी लिहायचं होतं ते राहू दे. फक्त हे विचारतो, कुत्ना होराचं हाडांचं चर्च बघावं का? फोटो बघून घरची घाबरलीय.

चाकण_ते_बोलेस्लाव

रेल्वेने तासभर. सेद्लेत्सचं ते चर्च छोटंसं आहे, आत हाडांचं झुंबर वगैरे. भीती नाही वाटत, थोडं विचित्र वाटतं. आत फोटो काढायला आता बंदी आहे. पण गावात पुढे जा, सेंट बार्बरा कॅथीड्रल खाणकामगारांच्या पैशांतून उभं राहिलं, चांदीच्या खाणींचं गाव ते. भिंतीवर खाणकामगारांची चित्रं आहेत. लोक हाडं बघून परततात आणि ते राहून जातं.

निवांतपंत

सगळ्यांचे मनापासून आभार! प्रिंट काढून ठेवलीय. @पंचांगवाला, घड्याळाचा प्रतिसाद दोनदा वाचला. @तिरकसराव, मेहुण्यांना लिंक पाठवली, ते तुमच्यावर खूश आहेत.

मी कच्ची आखणी केलीय. सकाळी साडेसातला बाहेर, रोज सहा ठिकाणं, एक्सेलमध्ये वेळा टाकल्यात. टाकू का इथे?

निवांतपंत

मी सौ. निवांतपंत. यांचा लॅपटॉप उघडा राहिलाय.

एक्सेल मी बघितलंय. त्यात दुपारी १.१० ते १.३५ 'जेवण' आहे. स्वारगेट-मिरज बससुद्धा यापेक्षा जास्त थांबते. हळदीकुंकू ताई, तुमचा तहनामा मला मान्य आहे, यांच्या वतीनेही सही करते. मला पुलावर सकाळी गर्दी व्हायच्या आत बसून रेघोट्या मारायच्या आहेत आणि विशेहरादला जायचंय, संगीतकार द्व्होर्झाक आणि चित्रकार मुखा दोघांच्या समाध्या तिथे आहेत असं वाचलं. व्लताव्हाकाठी, तिथे बसायला जागा असते का? आणि पुलावर किती वाजता जावं?

आगाऊ_कार्टं

आता धागा रंगात आला. 🍿

व्लताव्हाकाठी

वहिनी, मे महिन्यात सहाच्या आत उजाडतं. साडेसहापर्यंत पुलावर या, धावणारे, सफाईवाले आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी एखाददोन जोडपी, एवढेच असतात. नऊनंतर चित्र काढायचं असेल तर लोकांच्या पाठींचं काढावं लागेल. पूल ५१६ मीटरचा आहे आणि ३० पुतळे आहेत. बरेचसे आता नकला, मूळ पुतळे संग्रहालयात आणि काही विशेहरादच्या तटाखालच्या दालनात ठेवलेत. तेव्हा विशेहरादला दोन्ही कामं होतील. तिथे भरपूर बाकं, नदीवर उघडणारे तट आणि गर्दी नाही. मेट्रोच्या लाल मार्गावर थांबा आहे.

या पुलाची एक दंतकथा सांगून ठेवते. चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये पाया घातला तेव्हा चुन्यात अंडी घालायला राज्यभरातून अंडी मागवली. वेल्वारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. वेल्वारीवाल्यांना आजही त्यावरून चिडवतात.

मावशीबोलते

शहाणी माणसं. फुटली असती तर कोणी भरून दिली असती?

तिरकसराव

@सौ. निवांतपंत, वहिनी, मूळ प्रश्नाकडे येतो. माझं म्हणणं इतकंच होतं की पैसे घातलेत तर वसूल व्हावेत. पण एक्सेलमधल्या रोजच्या सहा ठिकाणांपेक्षा माझी बस बरी, तिथे निदान दुसरा माणूस शिव्या खातो. राहणारच असाल आठवडाभर, तर खरंच राहा. फार वाटलंच तर ड्रेस्डेनला एक दिवस जाऊन या, संध्याकाळी परत.

हळदीकुंकू

तिरकसराव पूर्ण नाही, निम्मे फिरले! नोंद घ्यावी.

तिरकसराव

निम्मा नाही, एक चतुर्थांश. ड्रेस्डेन अजून माझ्या बाजूला आहे.

निवांतपंत

मीच आहे, पासवर्ड बदललाय.

एक्सेल रद्द. दिवसाला एक मोठी गोष्ट आणि बाकी जमेल तसं, असं ठरलं. बीला होरा मात्र माझं, त्यावर तडजोड नाही. ती म्हणाली तू टेकाडावर जा, मी ह्वेझ्दाच्या बागेत बसते. विनोह्रादीत स्वयंपाकघर असलेली खोली बघितलीय, लिफ्ट आहे का ते विचारलंय.

आता एकच अडचण, मे महिन्याच्या आधीच्या व्हिसाच्या तारखा सगळ्या भरलेल्या दिसताहेत. कुणाला काही माहीत आहे का?

चाकण_ते_बोलेस्लाव

रोज सकाळी-रात्री पोर्टल बघत राहा, लोक रद्द करतात तशा तारखा सुटतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा इतर कागद आत्ताच जमवा. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. खोली रद्द करता येईल अशीच बुक करा. आणि ड्रेस्डेन आखणीत दाखवलंत तरी सगळ्या रात्री चेकमध्येच असल्याने अर्ज चेककडेच.

मावशीबोलते

एजंटाला पैसे देऊ नका तारखेसाठी. तारखेची फी नसते.

आगाऊ_कार्टं

सविस्तर प्रतिसाद देणार होतो, पण सगळं लिहून झालंय. मी पण येऊ का?

निवांतपंत

नाही.